‘विचारा’ नावाची पुडी

वसंता : नाही, आधी वर्ष लिहा. मग वार, मग वेळ. ट्रंक कॉलचं तिकीट असंच लिहितात. सन दोन हजार सहा, सप्टेंबर चोवीस, आदितवार, नवरात्राचा दुसरा दिवस. वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

मकरंद : काकू, ह्या फॉर्मात वेळेला जागाच नाहीये हो. फक्त तुमचं नाव आणि तुमच्या किल्लीचे आकडे.

वसंता : मग फॉर्म चुकीचा आहे. तेहतीस वर्षं मी तंजावरच्या टेलिफोन एक्स्चेंजात बसलेली. वेळ नाही लिहिली तर कॉल झालाच नाही असं धरतात.

मकरंद : बरं, समासात लिहितो. तीन दहा. आता लक्षात घ्या, आज संध्याकाळी सहाला आपला सर्व्हर सांभाळणारा काशिनाथ अमेरिकेत सकाळचा चहा पिता पिता बटण दाबणार. त्याच्या आत तुमच्या किल्लीवर दोन सभासदांच्या सह्या पडल्या, तर काकांची ‘विचारा’ ही पुडी तुमच्या नावावर होते. नाही पडल्या, तर ती बेवारस ठरते आणि शिदोरीतून निघते. कायमची.

वसंता : मजला सगळं ठाऊक आहे. किल्ली म्हणजे कॉम्प्यूटरवरची माझी ओळख. शिदोरी म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून फुकट केलेलं मराठी लिनक्स, ज्यावर कॉम्प्यूटर चालतो. त्यातला एकेक प्रोग्रॅम म्हणजे एकेक पुडी. तिला पुडी म्हणावं, पुडकं म्हणावं की गाठोडं, ह्यावर तुम्ही एकसष्ट मेल लिहिलेत.

मकरंद : तुम्ही ते वाचलेत?

वसंता : सगळे. आमच्या ह्यांच्या मेलबॉक्सात येत होते. हे जाऊन वर्ष झालं, तुमचे मेल काही थांबले नाहीत. ‘विचारा’ काढावी की ठेवावी, ह्यावर तीनशे चाळीस. त्यांतल्या चौदांचा विषय होता ‘अंतिम निर्णय’. आणि मतदान घेतलंत, तेव्हा सात सभासदांची नऊ मतं पडली.

मकरंद : ते... ते तांत्रिक कारणानं झालं होतं.

वसंता : मग तुमच्या मेलच्या लिस्टवर पाटी आली, सांभाळणाऱ्यानं नव्वद दिवसांत उत्तर दिलं नाही तर पुडी बेवारस. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी उत्तर टाकलं.

मकरंद : हो, आणि लिस्टवर दोन दिवस कुणी एक अक्षर लिहिलं नाही. काकांच्या श्रद्धांजलीचा मेल मीच पाठवला होता, आणि काकांच्याच पत्त्यावरून उत्तर, ‘मी आहे, थांबा’. काशिनाथनं घराची शांत करून घेतली म्हणे.

वसंता : दार उघडंच आहे रे! ये आंत. चपला तिथेच ठेव.

वेंकट : आक्का, उशीर झाला की. बसमध्ये उभा राहून आलो. हे कोण?

वसंता : हे मकरंद. कऱ्हाडचे, वेलचेरीस राहतात, कॉम्प्यूटर कंपनीत आहेत. मकरंद, हा आमचा वेंकट. आमच्या तंजावरकडलाच, रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क. तुम्ही दोघं माझे दोन साक्षी.

मकरंद : वेंकट... लिस्टवर ‘वेंकोबा’ लिहिता ते तुम्ही?

वेंकट : आणि ‘माझ्या नम्र मते’ लिहून शिव्या घालणारा मकरंद तो तू?

मकरंद : मला वाटत होतं वेंकोबा म्हणजे तीन माणसं आहेत. एकट्या माणसानं एका दिवसात एवढे मेल लिहिणं शक्यच नाही.

वेंकट : आम्हांस वाटलं होतं मकरंद म्हणजे सत्तरीचा कुणी ऑडिटर असेल, मूळव्याध झालेला. हे तर पोर आहे! आक्का, दोन वर्षं मी ह्या पोराशी भांडत होतो? आणि हा वेलचेरीत? मजला वाटे पुण्याहून एवढा राग येतो म्हणजे केवढा असेल.

वसंता : बसा दोघं. खुर्च्या मुद्दाम लांब ठेवल्या आहेत.

मकरंद : काकू, एक अडचण आहे. नियम असा की सही करणाऱ्या दोघांनी आधी एकमेकांची ओळख पटवून घ्यायची. समोरासमोर, फोटोचं कार्ड बघून. यांचं कार्ड बघितल्याशिवाय यांची सही मी धरू शकत नाही.

वेंकट : हा नियम कुणी केला?

मकरंद : तुम्हीच. मागच्या मार्चात. मी खोटा माणूस आहे असा संशय घेऊन.

वेंकट : चांगला नियम आहे. हे घे, रेल्वेचा पास. फोटो, शिक्का, सगळं आहे. आतां तुझं दाखव.

मकरंद : हे माझं कंपनीचं कार्ड.

वेंकट : ह्यावर लिहिलं आहे ‘मकरंद पी’. ‘पी’ कोण?

मकरंद : इथल्या ऑफिसात सगळ्यांचं असंच करतात हो. वडिलांचं नाव कापून एक अक्षर ठेवतात. माझं आडनाव तर पाटकर आहे. ‘पी’ वडिलांचा की आडनावाचा, मलासुद्धा माहीत नाही.

वेंकट : आक्का, ह्यास स्वतः कोण ते ठाऊक नाही, आणि हा तुमची ओळख पटवणार.

मकरंद : काकूंचं तरी कुठे जुळतंय? रेशनकार्डावर एक नाव, मतदार कार्डावर दुसरं, पेन्शनच्या पुस्तकात तर ‘मिसेस राव’ एवढंच. किल्लीवर आहे ‘वसंता तुकोजी’. ह्या चार बायका झाल्या!

वसंता : चारी घरात आहेत. कुणाला बोलावू?

वेंकट : आणि एक सांगून ठेवतो. आज आदितवार. साडेचार ते सहा राहुकाळ. त्यांत मी सही करणार नाही.

मकरंद : सहाला काशिनाथ बटण दाबतो! म्हणजे आपल्याकडे उरला एक तास.

वसंता : एक तास पाच मिनिटं. तीन वाजून पंचवीस झाले आहेत.

मकरंद : वेंकटराव, तुम्ही लिनक्स वापरता. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या हातानं बनवून घेता. आणि राहुकाळ पाळता?

वेंकट : दोन्ही हातानंच करायच्या गोष्टी आहेत. तुझ्यासारखं तयार पुडी फोडून खाल्ली की झालं असं नाही आमचं. आम्ही मूळ प्रोग्रॅम घरी आणतो आणि आपल्या मशीनवर दळतो. आंत काय पडतं ते आपल्या डोळ्यांनी दिसतं.

मकरंद : हो, दळता. लिस्टवर लिहिलं होतंत तुम्ही, कॅल्क्युलेटर दळायला अडीच दिवस लागले. तोवर तुमच्या ऑफिसातली बेरीज बोटांवर झाली.

वेंकट : झाली, पण बरोबर झाली.

मकरंद : आणि मशीन एवढं तापतं की तुमच्या मिसेस त्यावर इडलीचं पीठ आंबवतात!

वेंकट : वाणीस मध्ये आणायचं नाही! मार्गळीच्या थंडीत पीठ येत नाही, म्हणून ठेवते. तुझ्या पुड्यांवर काय आंबतं, सांग? आक्का, ह्याच्या त्या साफसफाईची गोष्ट ऐका. हा म्हणतो, ज्या पुडीची कुणास गरज नाही ती आपोआप निघून जावी. माझ्या साहेबांच्या मशीनवर चालवली. पहिल्यांदा घड्याळ काढलं, तीन महिने कुणी उघडलं नाही म्हणून. घड्याळ नाही म्हणून कॅलेंडर काढलं. कॅलेंडर नाही म्हणून पत्ते काढले. शेवटी स्क्रीनवर एक रेघ उरली, लुकलुकणारी. साहेब अर्धा दिवस त्या रेघेसमोर बसून होते.

मकरंद : ती चूक मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली!

वेंकट : साहेबांस मधुमेह झाला तो दुरुस्त झाला काय?

मकरंद : मधुमेह माझ्या साफसफाईनं झाला? हे लिस्टवर लिहा, एकदा लोकांना कळू दे तुम्ही कोण आहात ते!

वेंकट : लिहिलं आहे! तूच ते उत्तर न देता...

वसंता : तीन मिनिटं झाली. वाढवायचं?

मकरंद : काय?

वसंता : कॉल. तीन मिनिटांनी आम्ही मध्ये येऊन विचारायचो, अजून तीन मिनिटं हवी काय? भांडणारी माणसं बहुतेक करून नको म्हणत. पाणी प्या. मकरंद, मजला एक सांगा, ‘विचारा’ वाईट आहे म्हणून काढता, की मी बाई आहे, सदुसष्ट वर्षांची आहे, म्हणून काढता?

मकरंद : अहो, छे छे! काकू, तसं काही नाही. बघा, ‘विचारा’ काय करते? कुणी एखादी पुडी काढायला गेलं की मध्ये येऊन विचारते, ‘घरी विचारलं का?’ बस्स. दुसरं काही करत नाही. पुण्याला एका ग्रंथालयात आपली चाळीस मशीन आहेत. साफसफाई सुरू झाली की चाळीस मशीन एकदम अडून बसतात, घरी विचारलं का, घरी विचारलं का. तिथल्या ग्रंथपाल बाई एकट्या राहतात. त्यांनी मला मेल केला, ‘मी घरी कुणाला विचारू?’ मी काय उत्तर देऊ सांगा.

वेंकट : मग ती पुडी मूळ संचांत घातली कुणी? मी तर नाही.

मकरंद : मी घातली.

वेंकट : तू? जिच्याकरता तीनशे चाळीस मेल...

मकरंद : दोन हजार तीन साली काकांनी ती पाठवली. सगळ्यांना वाटलं, हे काय आहे? पण काका वयानं एवढे मोठे, पहिल्यांदाच काहीतरी केलेलं. नाही कसं म्हणणार? अकरा जणांनी लिहिलं, ‘छान आहे, काका.’ तुम्हीसुद्धा लिहिलं होतं.

वेंकट : मोठ्या माणसांस आणखी काय लिहायचं?

मकरंद : तेच. मग कळलं काकांना त्या महिन्यात सत्तर पूर्ण होतायत. मी म्हटलं, आपण काही शाल-श्रीफळ द्यायला येऊ शकत नाही. तेव्हा मी ती मूळ संचात टाकली. सत्कार म्हणून. आता तिच्यावर सगळं अवलंबून आहे. ती काढायला गेलं की अर्धी शिदोरी बरोबर यायला बघते.

वसंता : अय्यो! सत्काराकरता?

मकरंद : हो. चूक माझीच आहे, काकू. त्यासाठीच मी ती काढायला एवढा धडपडतोय.

वेंकट : आक्का, मी केव्हांपासून बघतो. नवरात्राच्या बाहुल्यांचं हे कोलू एवढं सुंदर मांडलं आहे, सात पायऱ्या. चेट्टियारचं दुकान आहे, लग्नाची मिरवणूक आहे, क्रिकेटची टीमसुद्धा आहे. मग सगळ्यांत वरच्या पायरीवर मधोमध जागा रिकामी का? कलशाच्या शेजारी?

वसंता : तिथे राजा-राणी असत. लाल चंदनाचे. माझ्या लग्नांत आईनं दिलेले, तिला तिच्या आईनं. दर वर्षी मी त्यांस नवं वस्त्र नेसवीत असे.

मकरंद : मग यंदा नाही बसवले?

वसंता : आठ वर्षं नाहीत. अठ्ठ्याण्णव साली आम्ही तंजावरचं बिऱ्हाड हलवून इकडे आलो. मी बँकेत गेले होते, पेन्शनची बदली करायला. हे घरी सामान आवरत होते. एक ट्रंक दिसली, आंत जुनी जरीची पातळं. ह्यांनी दारावरच्या पात्रक्कारीस बोलावलं.

मकरंद : म्हणजे बोहारीण?

वसंता : तीच. जरी बघून तिनं ट्रंकच उचलली. पातळांत काय गुंडाळलं आहे, हे ह्यांनी पाहिलं नाही. दोघांनीही नाही. मी घरी आले तेव्हां हे खूष होऊन दारांत उभे. हातांत एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे स्टीलचा, डबा. नवा, झाकणाचा. म्हणाले, बघ, नको असलेल्या वस्तूंत केवढा मोठा डबा मिळाला.

वेंकट : शिव शिव.

वसंता : चार महिने मी ह्यांच्याशी बोलले नाही. मग बोलले, पण बाहुल्यांबद्दल आम्ही दोघांनी कधी विषय काढला नाही. हे इकडे येऊन कॉम्प्यूटरच्या क्लासास जाऊं लागले. आणि एके दिवशी ही पुडी केली. ‘घरी विचारलं का?’

मकरंद : म्हणजे ती... त्यावरून?

वसंता : मजला राग आला होता. वाटलं, हे जगभर सांगत सुटले आहेत की आमच्या घरी बाईला विचारल्याशिवाय पान हलत नाही. मजला टोचून बोलतात. मी एकदाही ती पुडी उघडून पाहिली नाही.

वेंकट : मग आक्का, आतां काय म्हणून सांभाळायची ती?

वसंता : टोचून तर टोचून, बोलणं त्यांचं आहे की. दुसरं काय राहिलं? फोटो बोलत नाही. ही निदान विचारते.

मकरंद : काकू...

वसंता : वेळ बघा. तीन वाजून पन्नास. मजला एक सांगा दोघं. ती पुडी केवढी आहे?

मकरंद : केवढी म्हणजे? अगदी छोटी. एकेचाळीस ओळी.

वसंता : तीनशे चाळीस मेल लिहिण्याआधी तुमच्यांतल्या कुणी त्या एकेचाळीस ओळी वाचल्या काय?

मकरंद : मी... म्हणजे काय करते ते सगळ्यांना माहीतच होतं.

वसंता : वेंकट? तू तर डोळ्यांनी बघून दळतोस.

वेंकट : दळतो, आक्का. दळतांना कोण वाचतो?

वसंता : शरी, बरं. आतां वाचा. मोठ्यानं. मजला चष्म्यातनं इतकं बारीक दिसत नाही.

मकरंद : थांबा, लॅपटॉप उघडतो... हं. पहिल्या ओळी पत्त्याच्याच आहेत, अण्णा नगर, तारीख. मग प्रश्न, ‘घरी विचारलं का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर बाहेर. उत्तर ‘होय’ आलं तर दुसरा प्रश्न, ‘काय म्हणाल्या?’

वेंकट : हाच! हा प्रश्न आला की मी कायम मशीन बंद करतो. काय लिहायचं ते कळत नाही.

मकरंद : मीही. ग्रंथपाल बाई तर पहिल्याच प्रश्नाला अडतात. आता ह्याच्यापुढे तपासणी असेल, कुठलं उत्तर चालतं, कुठलं... अरे.

वसंता : काय?

मकरंद : तपासणी नाहीये. काहीच नाही. जे लिहाल ते घेते. नुसतं बटण दाबलं तरी चालतं. आणि पुडी काढू देते.

वेंकट : म्हणजे अडवीत नाही?

मकरंद : कधीच अडवत नव्हती! तीन वर्षं आपण नुसते घाबरून पळत होतो. वेंकटराव, तीनशे चाळीस मेल!

वेंकट : त्यांतले एकशे दहा माझे. अय्यो, वाणी घटस्फोट मागत होती त्यावरून.

वसंता : ओळी किती झाल्या?

मकरंद : चाळीस. शेवटची आहे एक. काढायच्या आधी स्क्रीनवर एक वाक्य छापते.

वसंता : वाचा की.

मकरंद : ‘मी विचारलं नव्हतं.’

वेंकट : आक्का?

मकरंद : काकू, पाणी देऊ का?

वसंता : नको. पुन्हा वाचा. हळू, एकेक शब्द सोडून. लाइन खराब असली की आम्ही तसंच घ्यायचो.

मकरंद : मी. विचारलं. नव्हतं.

वसंता : सात वर्षं. एका घरांत, एका ताटाशेजारी बसून. पुण्याच्या चाळीस मशीनांस सांगायला तयार होते हे. मजला नाही सांगितलं.

वेंकट : सांगितलं की, आक्का. तुम्ही उघडली नाही.

वसंता : गप्प बैस.

वेंकट : बसलो.

वसंता : चार वाजून दोन. लिहा. माझ्या किल्लीचे आकडे मी म्हणते, तुम्ही कागदाशी ताडून बघा. चार, ए, नऊ, एफ. शून्य, सी, सात, सात. डी, एक, बी, तीन...

मकरंद : काकू, कागद तर माझ्या हातात आहे. तुम्ही न बघता?

वसंता : चाळीस अक्षरं आहेत नुसती. तंजावर जिल्ह्यांतल्या सगळ्या भातगिरण्यांचे नंबर मजला अजून तोंडपाठ आहेत. मध्ये बोलूं नका. आठ, ई, दोन, ए...

वेंकट : बरोबर. बरोबर. हेही बरोबर. मकरंद, तुझं बोट पुढे गेलं आहे, मागे घे.

मकरंद : चाळीसच्या चाळीस जुळले. पण नावाचं काय? चार कार्डं, चार बायका.

वेंकट : एक कर. तूं माझा पास खरा धर, मी तुझा ‘मकरंद पी’ खरा धरतो. मग आपण दोघं मिळून ह्या चारींस एक धरूं.

मकरंद : हे नियमात नाही.

वेंकट : नियम माझाच आहे ना? मोडला. कर सही. सव्वाचार झाले.

मकरंद : केली. आता तुम्ही.

वेंकट : पूर्वेकडे तोंड करून करतो. पूर्व कुठे? तुझी खुर्ची सरक. ...झाली. चार वाजून एकोणीस. राहुकाळास अकरा मिनिटं राखून.

मकरंद : काकू, अभिनंदन. आजपासून ‘विचारा’ तुमची. पण ग्रंथपाल बाईंना मी काय सांगू, ते तुम्हीच ठरवा आता.

वसंता : सोपं आहे. एक्स्चेंजांत आमचा कायदा असा होता. माणूस बोलत असेल तर विचारायचं, कोण पाहिजे, किती वेळ पाहिजे. यंत्रच यंत्राशी बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही, लाइन जोडून द्यायची. तुमची साफसफाई यंत्र करत असेल तर ही गप्प राहील. माणूस स्वतःच्या हातानं काही काढायला बसला, तर मात्र विचारेल.

मकरंद : हे... हे एवढंच करायचं होतं. वेंकटराव, एवढंच होतं!

वेंकट : मी मेल क्रमांक दोनशे बारामध्ये असंच काहीसं...

मकरंद : नव्हतं! दोनशे बारामध्ये तुम्ही माझ्या आजोबांवर गेला होता!

वसंता : तीन मिनिटं झाली. सुंडल खाऊन घ्या दोघं. कोलूस आलेला माणूस रिकाम्या तोंडानं जात नाही. वेंकट, वाणीकरता विडा आणि खणाचं कापड ने. मकरंद, तुमच्या घरी बाईमाणूस नाही ना?

मकरंद : नाही अजून. मेसमध्ये जेवतो.

वसंता : मग तुम्ही डब्यांत घेऊन जा. थांबा, डबा काढते वरून.

वेंकट : आक्का, हा तोच ना? एव्हरसिल्व्हरचा? ह्यावर तर दुकानाचा कागदसुद्धा अजून चिकटलेला आहे.

वसंता : वापरला नाही कधी.

वेंकट : भिंतीवरच्या फोटोकडे तोंड करून काय बोलता?

वसंता : सुम्मा. काही नाही. हे घ्या, मकरंद. चण्यांचं सुंडल आहे, खोबरं वरून घातलं आहे, आजच संपवा.

(तीन वर्षांनी, दोन हजार नऊच्या नवरात्रात, टेलिफोनवर.)

मकरंद : काकू, मी मकरंद बोलतोय, पुण्याहून. ओळखलंत का?

वसंता : मकरंद पी. वेळ चार वाजून पाच. बोला.

मकरंद : आमच्या लग्नाला आला नाहीत. प्राची अजून आठवण काढते. तब्येत कशी आहे?

वसंता : गुडघे आहेत. बाकी ठीक. वेंकटची बदली विल्लुपुरमास झाली, पण आदितवारी येतो. दर वर्षी कोलूस एक नवी बाहुली आणतो, वरच्या पायरीवर ठेवा म्हणतो. मी खालच्या पायरीवर ठेवते.

मकरंद : अजून दळतात का ते?

वसंता : वाणीनं मशीन स्वयंपाकघरांत हलवलं. आतां तिच्या पिठाची वेळ नसेल तेव्हांच दळतो. तुमच्याशी भांडून त्यानं वेगळं लिनक्स काढलं ना, ‘जातं’? ते वापरणारा तो एकटा आहे. तरी त्याच्या लिस्टवर भांडण चालतं म्हणतो. काशिनाथ काय करतो?

मकरंद : त्यानं कॉम्प्यूटर सोडला. मधमाश्या पाळतो. मला लिहिलं होतं, माश्या मतदान नीट करतात म्हणून.

वसंता : आणि ग्रंथपाल बाई?

मकरंद : बाईंनी एक मांजर पाळलंय. तेव्हापासून त्या ‘होय’ लिहितात. काकू, मी वेगळ्याच कामासाठी फोन केला. शिदोरी बंद करतोय. वापरणारे अकरा जण उरले होते, त्यांनाही कळवलं. आज बसून सर्व्हरवरून एकेक पुडी हातानं काढली. सगळ्या काढल्या. एक उरली.

वसंता : आमची.

मकरंद : हो. बाकीच्यांना ‘होय’ लिहीत गेलो, पण हिला काढायला गेलो आणि स्क्रीनवर पुन्हा आलं, ‘घरी विचारलं का?’ म्हटलं, आधी फोन करावा.

वसंता : कॉल किती मिनिटांचा झाला?

मकरंद : तीन होत आले असतील. वाढवूया की.

वसंता : नको, झालं बोलून. दुसरा प्रश्न येईल, ‘काय म्हणाल्या?’ त्यांत लिहा, ‘शरी म्हणाल्या.’

मकरंद : नक्की ना? नाही तर मी ठेवतो कुठेतरी. एकेचाळीसच ओळी आहेत.

वसंता : काढा, कण्णा. शेवटची ओळ मजला पाठ आहे.

मकरंद : बरं. आणि काकू, तुमचा तो डबा अजून माझ्याकडेच आहे. तीन वर्षं झाली, लाज वाटते. पुढच्या महिन्यात चेन्नईला येतोय, घेऊन येतो.

वसंता : असूं दे तुमच्याकडे. देतांना मी ह्यांस विचारलं होतं.